हवेची चुगली

एखाद्या देशानं हजारो किलोमीटर दूरच्या निर्जन बेटावर, कोणालाही न सांगता अणुबॉम्ब फोडला, तर बाकीच्या जगाला ते कळतं कसं?

बहुतेकांच्या मनात याचं उत्तर तयार असतं : भूकंपमापकावर कळतं. बॉम्ब जमिनीखाली फोडला असेल तर हे उत्तर बरोबर आहे. पण तोच बॉम्ब हवेत फोडला तर भूकंपमापक फारच थोडं सांगतो. मग जबानी द्यायला येते ती हवा. ती जे सांगते ते बरंचसं खरं असतं, पण पूर्ण नसतं. ही गोष्ट नीट समजायला आजवरच्या सर्वांत मोठ्या स्फोटापासून सुरुवात केलेली बरी.

१. तीन हजार हिरोशिमा

३० ऑक्टोबर १९६१. आर्क्टिक महासागरातल्या नोवाया झेम्ल्या या सोव्हिएत बेटांवर तू-९५ जातीच्या विमानातून एक अवाढव्य बॉम्ब पॅराशूटनं खाली सोडण्यात आला. मॉस्कोच्या घड्याळात ११ वाजून ३२ मिनिटं झाली असताना, जमिनीपासून सुमारे ४ किलोमीटर उंचीवर तो फुटला. त्याची ताकद होती ५० मेगाटन, म्हणजे ५ कोटी टन टीएनटी स्फोटकाइतकी. हिरोशिमावर पडलेला बॉम्ब १५ किलोटनांचा होता. भागाकार केला तर तीन हजारांहून जास्त हिरोशिमा एका क्षणात.

यात गुप्तता अशी नव्हतीच. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी कम्युनिस्ट पक्षाच्या अधिवेशनात पंधरवडाभर आधी याची जाहीर घोषणा केली होती. पण समजा, घोषणा झाली नसती. तरीही इंग्लंडपासून न्यूझीलंडपर्यंतच्या वायुभारमापकांवर जे उमटलं ते उमटलंच असतं. हवेच्या दाबाची एक लाट बेटांवरून निघाली आणि पृथ्वीला एक नव्हे, तीन प्रदक्षिणा घालून विरली.

या लाटेचा वेग साधारण सेकंदाला ३१५ मीटर असतो. नोवाया झेम्ल्या ते मुंबई हे अंतर सरळ रेषेत सुमारे ६,२०० किलोमीटर. आपल्याकडे तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. गणित केलं तर लाट मुंबईवरून संध्याकाळी साडेसातच्या सुमारास जायला हवी. आता गंमत बघा. स्फोटाची लाट सगळ्या दिशांना पसरते, त्यामुळे तिचा दुसरा भाग पृथ्वीच्या उलट बाजूनं, म्हणजे ३३,८०० किलोमीटरांचा वळसा घालून मुंबईला येतो. त्याला जवळपास तीस तास लागतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत तोच स्फोट पुन्हा, पण विरुद्ध दिशेनं. या दोन नोंदींमधल्या वेळेवरून एकटं केंद्रही स्फोटाचं अंतर काढू शकतं.

२. ढोल पोचतो, ताशा राहतो

हवेत झालेल्या अणुस्फोटाची जवळजवळ निम्मी ऊर्जा दणक्यात जाते, सुमारे एक तृतीयांश उष्णता आणि प्रकाशात, आणि उरलेली किरणोत्सारात. दणका म्हणजे अतिशय दाबलेल्या हवेची भिंत. ती सुरुवातीला आवाजापेक्षा जास्त वेगानं धावते, वाटेतलं सगळं मोडते, आणि पसरता पसरता थकून साध्या ध्वनिलहरीत बदलते. हीच लहर पुढे हजारो किलोमीटर जाते.

पण साधा आवाज तर दहा-वीस किलोमीटरांतच मरतो. मग ही लहर जगभर कशी जाते? गणपती विसर्जनाची मिरवणूक दोन-तीन गल्ल्या पलीकडे असते, तेव्हा ताशाची तर्री आपल्याला ऐकू येत नाही, ढोलाचा ठेका मात्र छातीत जाणवतो. हवा बारीक, चढा आवाज पटकन शोषून घेते आणि खर्जातल्या आवाजाला फारसा हात लावत नाही. नियमच असा आहे की आवाजाची वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, दहापट कमी झाली तर हवेतलं शोषण साधारण शंभरपट कमी होतं.

माणसाच्या कानाला सेकंदाला २० कंपनांच्या खालचं ऐकू येत नाही. त्याखालच्या आवाजाला इन्फ्रासाउंड म्हणतात. अणुस्फोटाचा दूरवर पोचणारा आवाज याहून कितीतरी खालचा असतो : एका कंपनाला काही सेकंद, मोठ्या बॉम्बच्या बाबतीत काही मिनिटंसुद्धा. हवा तो जवळजवळ शोषतच नाही.

३. आवाज वर जातो, वळतो, खाली येतो

आवाज जमिनीलगत सरळ जातो, असं आपण धरून चालतो, पण तसं नसतं. गरम हवेत आवाज वेगानं जातो, थंड हवेत हळू, आणि या फरकामुळे त्याची वाट वाकते. जमिनीपासून दहा-पंधरा किलोमीटरांपर्यंत हवा थंड होत जाते, तिथं आवाज वरच्या बाजूला वळतो. त्यानंतर ओझोनचा थर सूर्याची अतिनील किरणं शोषतो, त्यामुळे पन्नासेक किलोमीटर उंचीपर्यंत हवा पुन्हा ऊबदार होत जाते. तिथं आवाज खाली वळून जमिनीकडे परततो, जमिनीवर आपटून पुन्हा वर जातो, आणि असे टप्पे घेत पुढे सरकतो.

याचा एक विचित्र परिणाम होतो. २१ सप्टेंबर १९२१ रोजी जर्मनीत ओपाऊ इथल्या खत कारखान्यात प्रचंड स्फोट झाला. तो जवळपासच्या गावांना ऐकू आला, आणि सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या म्युनिकलाही. मधल्या पट्ट्यात मात्र कोणाला काही कळलं नाही. आवाज त्यांच्या डोक्यावरून गेला होता. तेव्हा एखाद्या केंद्रानं ‘आम्हाला काही ऐकू आलं नाही’ म्हटलं, तर स्फोट झालाच नाही असं होत नाही.

वारासुद्धा या वाटेत ढवळाढवळ करतो. उत्तर गोलार्धात तीस ते पन्नास किलोमीटर उंचीवर उन्हाळ्यात पूर्वेकडून पश्चिमेकडे जोरदार वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांची दिशा उलटते. म्हणून एकच स्फोट जूनमध्ये पश्चिमेकडच्या केंद्राला स्वच्छ ऐकू येईल आणि डिसेंबरमध्ये पूर्वेकडच्या.

मेगाटनी स्फोटांची गोष्ट थोडी वेगळी. तिथं जमिनीपासून वरपर्यंतचा हवेचा अख्खा खांबच एकदम हलतो आणि लाट पृथ्वीच्या पृष्ठभागाला चिकटून धावते. तिला वर जाऊन वळायची गरज नसते. १९६१ मध्ये जगाला तीन फेऱ्या मारणारी लाट ती हीच.

४. ज्वालामुखीनं शिकवलेला धडा

हे सगळं शास्त्रज्ञांना बॉम्बमुळे कळलं असं नाही. २७ ऑगस्ट १८८३ रोजी सुंदा सामुद्रधुनीतला क्राकाटोआ फुटला. दीडशेक किलोमीटरवर असलेल्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, गॅस कारखान्याच्या दाबमापकाची नोंद पट्टीबाहेर गेली. जगभरच्या हवामान केंद्रांतल्या कागदांवर दाबाच्या रेघेत छोटासा उंचवटा उमटला, आणि सुमारे पस्तीस तासांनी तोच उंचवटा पुन्हा. ४०,००० किलोमीटर भागिले ३५ तास : ताशी जवळजवळ १,१४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३१७ मीटर. वर वापरलेला वेग पहिल्यांदा माणसाच्या हाती लागला तो असा.

साध्या वायुभारमापकाची एक अडचण होती. हवेचा दाब सतत चढत-उतरत असतो. आपल्याकडे तर रोज सकाळी दहाच्या सुमारास तो चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. या मोठ्या चढउतारात बारीक लाट हरवते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये नेपियर शॉ आणि डाइन्स यांनी मायक्रोबॅरोग्राफ नावाचं यंत्र बनवलं. त्यात एका भांड्यातली हवा एका बारीक छिद्रातून बाहेरच्या हवेशी जोडलेली असते. दाब सावकाश बदलला तर छिद्रातून हवा जाऊन-येऊन आत-बाहेर समतोल साधतो आणि यंत्र गप्प राहतं. दाब झटकन बदलला तर छिद्राला वेळ मिळत नाही आणि लेखणी हलते. हा साधेपणा मला फार आवडतो. १९०८ साली सैबेरियात तुंगुस्का इथं अंतराळातून आलेली वस्तू हवेत फुटली, तेव्हा इंग्लंडमधल्या याच यंत्रांवर लाटा उमटल्या. पण त्या कशाच्या हे तेव्हा कोणाला उमगलं नाही. स्फोटाशी त्यांची सांगड घातली गेली ती १९३० मध्ये.

आजची यंत्रं किती नाजूक असतात? हजारो किलोमीटरवरून आलेली लहर पास्कलचा दहावा हिस्सा एवढीच असू शकते. यंत्र जमिनीपासून एक सेंटिमीटर वर उचललं तर दाबात जेवढा फरक पडेल, तेवढाच. मग वाऱ्याच्या झुळकीचं काय? त्यासाठी यंत्राला लांब नळ्या जोडून जमिनीवर पसरतात आणि त्यांना जागोजागी भोकं ठेवतात. झुळूक एका भोकाशी दाब वाढवते तेव्हा दुसऱ्याशी कमी करते, त्यामुळे ती बरीचशी आपोआप वजा होते. स्फोटाची लाट किलोमीटरभर लांब असते, ती सगळ्या भोकांशी जवळजवळ एकाच वेळी येते आणि टिकते. समुद्राच्या लाटांचा एक कायमचा गुणगुणाट मात्र उरतोच, दर पाच सेकंदांना एक कंपन अशा लयीचा.

५. कुठे, आणि केवढा?

एका यंत्राला दिशा कळत नाही. दोन यंत्रं पूर्व-पश्चिम रेषेत एकमेकांपासून एक किलोमीटरवर ठेवा. आवाज नेमका पूर्वेकडून आला तर तो पूर्वेच्या यंत्रात पश्चिमेच्या यंत्रापेक्षा सुमारे तीन सेकंद आधी पोचेल. नेमका उत्तरेकडून आला तर दोन्हीकडे एकाच क्षणी. फरक दीड सेकंदाचा असेल, तर आवाज पूर्वेपासून ६० अंशांवरून येतोय. उत्तरेच्या बाजूला की दक्षिणेच्या? ते सांगायला तिसरं यंत्र लागतं, दोघांच्या रेषेबाहेर. म्हणून अशा केंद्रावर किमान चार यंत्रं किलोमीटर-दोन किलोमीटर अंतरानं मांडतात. दोन केंद्रांवरून काढलेल्या दिशांच्या रेषा नकाशावर जिथं छेदतात, तिथं स्फोट. वरचे वारे या रेषा थोड्या सरकवतात, त्यामुळे बिंदूऐवजी बराच मोठा ठिपका मिळतो.

आकार काढायला लाट किती उंच आहे हे बघावं, असं आपल्याला वाटेल. पण उंची वाऱ्यावर फार अवलंबून असते. त्यापेक्षा भरवशाचा असतो आवर्तकाल, म्हणजे एका कंपनाला लागलेला वेळ. स्फोट जितका मोठा, तितकी हवा सावकाश हेलकावते. जुन्या हवाई चाचण्यांच्या नोंदींवरून अमेरिकनांनी एक आडाखा बसवला. त्यानुसार सर्वांत ठळक कंपनाला १० सेकंद लागत असतील तर स्फोट साधारण १२ किलोटनांचा, २० सेकंद लागत असतील तर साधारण १२० किलोटनांचा. आवर्तकाल दुप्पट, ऊर्जा दहापट. याचाच दुसरा अर्थ असा की आवर्तकाल मोजताना थोडी चूक झाली तरी आकड्यात मोठी चूक होते. ५० मेगाटनांच्या त्या बॉम्बचा अमेरिकनांचा स्वतःचा अंदाज ५७-५८ मेगाटन असा होता.

६. जमिनीला कमी का कळतं?

आता भूकंपमापकाकडे वळू. हवा हलकी, खडक जड. हवेतली लाट जमिनीवर आदळली की जवळजवळ सगळी ऊर्जा परत उडते आणि अगदी थोडी आत शिरते. किती थोडी? १९६१ च्या ५० मेगाटनच्या स्फोटानं जमिनीत जो हादरा उमटला, त्याची तीव्रता सुमारे ५ ते ५.२५ होती. ११ मे १९९८ रोजी पोखरणच्या भूमिगत चाचण्यांची अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणानं नोंदवलेली तीव्रता होती ५.२. भारतानं त्या चाचण्यांचा जाहीर केलेला एकूण आकडा साठ किलोटनांच्या आतला, आणि परदेशी तज्ज्ञांनी तर त्याहून बराच कमी धरला. म्हणजे हवेतले पन्नास हजार किलोटन आणि खडकातले साठांच्या आतले किलोटन, दोघांचा जमिनीतला हादरा सारखाच.

तरी भूकंपलहर उपयोगाची असते, कारण ती फार वेगवान आहे. नोवाया झेम्ल्याहून निघालेली पहिली भूकंपलहर पृथ्वीच्या पोटातून मुंबईच्या अंतरावर साडेनऊ मिनिटांत येते. हवेतल्या लाटेला साडेपाच तास लागतात. स्फोटाचा नेमका क्षण हवेपेक्षा भूकंपलहर चांगला सांगते, आणि दोन्ही एकाच जागेकडे बोट दाखवू लागल्या की संशय बळावतो. १९४५ च्या जुलैमध्ये न्यू मेक्सिकोत झालेल्या जगातल्या पहिल्या अणुस्फोटाचे भूकंपालेख भूकंपशास्त्रज्ञ बेनो गुटेनबर्ग यांनी १९४६ मध्ये अभ्यासले होते. भूकंपमापकावर पुढे आणखी एक खूण सापडते : हवेची लाट त्याच्यावरून जाते तेव्हा जमीन किंचित दाबली जाते आणि लेखणी पुन्हा हलते.

आपल्याकडे या विद्येचं ठाणं आहे ते कर्नाटकातलं गौरीबिदनूर. ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा केंद्रानं ब्रिटिशांच्या सहकार्यानं १९६५ मध्ये तिथं इंग्रजी एल अक्षराच्या आकारात वीस भूकंपमापकं बसवली. आदल्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीननं लोप नोर इथं आपला पहिला अणुबॉम्ब फोडला होता.

७. फुगे, धूळ आणि करार

दाबाच्या लाटा पकडायची सर्वांत धाडसी कल्पना अमेरिकी भूभौतिकशास्त्रज्ञ मॉरिस यूइंग यांची. आवाज वरच्या हवेत वळतो, तर यंत्रही वरच का नेऊ नये? १९४७ मध्ये अमेरिकी वायुदलानं ‘मोगल’ या गुप्त प्रकल्पात फुग्यांच्या लांब माळांना श्रवणयंत्रं बांधून ती आकाशात सोडली. हेतू एकच : सोव्हिएत बॉम्ब फुटला तर ऐकू यावा. त्यातली एक माळ न्यू मेक्सिकोत रॉझवेलजवळच्या कुरणात पडली आणि तिच्या चिंध्यांवर उडत्या तबकड्यांचा एक अख्खा धंदा उभा राहिला. वायुदलानं खुलासा केला १९९४ मध्ये. तोवर खुलासा ऐकायला कोणी तयार नव्हतं.

आणि सोव्हिएत बॉम्ब २९ ऑगस्ट १९४९ रोजी खरोखर फुटला, तेव्हा तो फुग्यांनी पकडला नाही. ३ सप्टेंबरला जपानहून अलास्काकडे जाणाऱ्या एका हवामान विमानाच्या गाळणीच्या कागदावर किरणोत्सारी धूळ चिकटली. २३ सप्टेंबरला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी जगाला बातमी दिली. दाबाची लाट ‘कुठे, कधी, केवढा’ सांगते. तो स्फोट अणूचा होता का, हे धूळ सांगते.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेनं बिकिनी बेटावर १५ मेगाटनांचा बॉम्ब फोडला. तेव्हा साडेतीन हजार किलोमीटरहून दूर, जपानमधल्या मायक्रोबॅरोग्राफांवर त्याची लाट नोंदली गेली. त्याच स्फोटाची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. महिन्याभरानं, २ एप्रिलला, नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या थांबवण्याची मागणी केली. पण थांबवायचं तर फसवणूक पकडता यायला हवी. १९५८ मध्ये पाश्चात्त्य आणि सोव्हिएत अशा दोन्ही गटांचे तज्ज्ञ जीनिव्हाला बसले आणि त्यांनी जमिनीवर १६० ते १७० ठाणी आणि समुद्रात १० जहाजं असं जाळं सुचवलं. ऐकण्याची साधनं होती दाबाच्या लाटा, भूकंपलहरी, किरणोत्सारी धूळ आणि रेडिओ संकेत. हे जाळं उभं राहिलं नाही. १९६३ च्या मॉस्को करारानं हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अंतराळातल्या चाचण्यांवर बंदी आली ती अशा जाळ्याशिवायच. जमिनीखालच्या चाचण्या कराराबाहेर राहिल्या, कारण त्या भूकंपापासून वेगळ्या ओळखता येतील का यावर एकमत नव्हतं. फ्रान्स आणि चीन करारात आले नाहीत. हवेतली शेवटची चाचणी चीनची, १६ ऑक्टोबर १९८०.

८. ऐकणारे साठ कान

जाळं अखेर विणलं गेलं ते १९९६ च्या सर्वंकष चाचणीबंदी करारासाठी. भारतानं त्यावर सही केलेली नाही आणि करार अजून अमलातही आलेला नाही. पण व्हिएन्नाहून चालणारं जाळं काम करतं. त्याच्या आराखड्यात १७० भूकंपकेंद्रं, समुद्रातल्या आवाजाची ११, किरणोत्सर्ग तपासणारी ८० आणि इन्फ्रासाउंडची ६० केंद्रं आहेत.

चीनच्या त्या चाचणीनंतर हवेत बॉम्ब फुटलेला नाही, मग ही साठ केंद्रं ऐकतात काय? १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली, सुमारे ५०० किलोटनांच्या ताकदीनं. तिची लाट वीस केंद्रांनी टिपली. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळचा ज्वालामुखी फुटला, तेव्हा चालू असलेल्या सगळ्याच्या सगळ्या ५३ केंद्रांवर लाट उमटली, आणि क्राकाटोआसारखीच ती पृथ्वीभोवती पुन्हा पुन्हा फिरली.

राहता राहिला १९७९ चा एक न मिटलेला वाद. २२ सप्टेंबर १९७९ च्या रात्री अमेरिकेच्या वेला उपग्रहानं हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडे, आफ्रिकेखाली, दुहेरी चमक पाहिली. हवेतल्या अणुस्फोटाची ही ओळखीची खूण आहे. पहिला झगमगाट होतो, मग दणक्याची तापलेली, अपारदर्शक हवा त्याला क्षणभर झाकते, आणि ती निवळली की दुसरा, जास्त वेळ टिकणारा प्रकाश दिसतो. समुद्रातल्या श्रवणयंत्रांवर काही आवाज सापडले आणि अमेरिकी नौदलाच्या शास्त्रज्ञांनी ते स्फोटाचे मानले. धूळ शोधायला गेलेल्या विमानांना काही मिळालं नाही. व्हाइट हाउसनं नेमलेल्या समितीनं १९८० मध्ये ‘बहुधा अणुस्फोट नसावा’ असा निष्कर्ष काढला, तो अनेकांनी मानला नाही. संशय दक्षिण आफ्रिका आणि इस्रायलवर होता. दोघांनीही कबुली दिलेली नाही. मला स्वतःला स्फोटाची बाजू जड वाटते, पण ज्या पुराव्यानं प्रश्न मिटला असता, ती धूळ, कोणाच्याच हाती लागली नाही.

त्या समुद्राच्या दोन बाजूंना, केर्गेलेन आणि त्रिस्तान दा कून्हा या बेटांवर, आता इन्फ्रासाउंडची केंद्रं आहेत. १९७९ मध्ये यांपैकी एकही नव्हतं. केर्गेलेनवर वारा इतका असतो की सगळ्या जाळ्यात सर्वांत गोंगाटाच्या केंद्रांमध्ये त्याची गणना होते.